बोटभर सैल

४ जानेवारी, सकाळ

संकल्प करणारे लोक एक तारखेला सुरू करतात आणि चार तारखेला सोडतात. म्हणून मी मुद्दाम चार तारखेला सुरू करतोय.

डॉक्टर म्हणाले रक्तदाब वाढलाय, शांत बसायला शिका, एखादा छंद लावून घ्या. मी म्हटलं, मी मुळात शांतच आहे. ते म्हणाले, मग निदान खुर्चीला टेका. तोपर्यंत मी दोनदा उठून त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं होतं. वाकडं होतं ते.

छंद: गॅलरीत टोमॅटो. नर्सरीतून चार रोपं आणली, चार मोठ्या कुंड्यांत लावली. ओळखायला नंबर दिले. एक ते चार.

९ जानेवारी

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि आयुष्याला दिशा मिळाली. लो-स्ट्रेस ट्रेनिंग. म्हणजे झाडाला त्रास न देता आकार देणं. शेंडा कापायचा नाही, हिसका द्यायचा नाही. रोज हलक्या हाताने थोडा वाकवायचा आणि दोरीने कुंडीच्या काठाला बांधायचा. झाड आडवं पसरतं, शेंड्याची मिजास उतरते आणि बाजूच्या दबलेल्या फांद्यांना ऊन मिळून त्या उभ्या राहतात. एका शेंड्याच्या जागी दहा शेंडे. दहापट टोमॅटो.

व्हिडिओ शेवटी थोडा राहिला. तो माणूस काहीतरी 'सर्वांत महत्त्वाचं' सांगणार होता, पण मला बसवेना. मूळ तत्त्व समजलं की बाकी आपलं आपल्याला सुचतं.

शेजारच्या गॅलरीतले कर्नल टोमॅटो सरळ काठीला बांधतात. कर्नल म्हणजे मिशांमुळे पडलेलं नाव. नोकरी बँकेत कॅशियरची होती. त्यांना ही पद्धत सांगितली. म्हणाले, छान. या 'छान'चा अर्थ मला कळतो.

१५ जानेवारी, सकाळी सात

पाणी भरपूर घातलं, रोपं टरारली, म्हणून लगेच पहिलं वाकवणं. तीन नंबरचा कट्‌ असा आवाज आला.

दोष रोपाचा. वाकायची तयारी नव्हती त्याची. कन्या चहाचा कप घेऊन आली, तिने मोडलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाली की सकाळी पाणी पिऊन देठ ताठ असतात, संध्याकाळी जरा मऊ पडल्यावर वाकवावेत. तिला कुठून कळलं विचारलं. म्हणाली, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

आजकालच्या मुलांना वेळ फार.

२१ जानेवारी

संध्याकाळी वाकवले. एक, दोन आणि चार नंबर झकास आडवे. सुतळीने घट्ट बांधले. तीन नंबर अजून आजारी म्हणून सुट्टीवर.

रात्री जेवताना कन्येने सांगितलं की तिला नोकरी मिळाली. सर्व्हेअरची. डोंगरातून नवा रस्ता काढताहेत, त्याची मोजणी. दोन वर्षं तिथेच राहायचं, सोळा मार्चला हजर व्हायचं. दुर्बीण तिपाईवर लावून कड्याकपारीतून हिंडायचं.

मी अजिबात चिडलो नाही. शांतपणे उठलो, घरात फेऱ्या मारल्या, नळ बंद आहेत का ते पाहिलं, दाराची कडी पाहिली, पुन्हा नळ पाहिले. ही म्हणाली, अहो, जेवण तरी संपवा. या घरात माझ्या शांतपणाची किंमत नाही.

एकुलती एक मुलगी. ती गेल्यावर या घरात माझं म्हणणं ऐकून घेणारं कोण राहील, हा विचार मनात आला. लगेच बाजूला सारला.

२२ जानेवारी, पहाटे

सुचलं. जे टोमॅटोला, तेच कन्येला. 'नाही' म्हणायचं नाही. आवाज चढवायचा नाही. रोज थोडं थोडं, हलक्या हाताने वाकवायचं. सोळा मार्चपर्यंत ती आपण होऊन म्हणेल, बाबा, मी इथेच राहते.

पाणीपुरवठा कार्यालयातला तक्रार विभाग मी इतकी वर्षं सांभाळतोय. नळाला पाणी नाही म्हणून ओरडत आलेला माणूस माझ्याशी बोलून, पाणी न मिळताच, आभार मानून जातो. लोकांना कसं वळवायचं हे मला कुणी शिकवू नये.

२८ जानेवारी

सुतळी सैल पडते. काल घट्ट बांधली, आज पाहावं तर ढिली. तिन्ही झाडांची. दुकानात जाऊन तक्रार केली. दुकानदार म्हणाला, सुतळी आपोआप सैल होत नसते साहेब. मी म्हटलं, मग काय मी खोटं बोलतोय? त्याने नायलॉनची दोरी दिली.

कन्येचं वाकवणं, पहिला टप्पा: तिच्या खोलीला नवा रंग द्यायचा ठरवला. रंग तिनेच निवडावा असं मोठ्या मनाने सांगितलं. तिने पांढरा निवडला. म्हणाली, तुम्हाला पुस्तकं ठेवायला बरी पडेल ही खोली, नंतर.

'नंतर' हा शब्द खटकला. पण रंगाच्या बाबतीत तिने माझं ऐकलं, ही सुरुवात चांगली आहे.

३ फेब्रुवारी

दुसरा टप्पा. दरडी कोसळल्याच्या, रस्ते खचल्याच्या बातम्या कापून तिच्या ताटाशेजारी ठेवतो. सहज. काही न बोलता. तिने आज सगळ्या वाचल्या आणि अर्धा तास समजावून सांगितलं की मोजणी नीट झाली असती तर यातली एकही दरड कोसळली नसती. मग म्हणाली, बरं झालं बाबा, कात्रणं ठेवलीत. सोबत नेते.

म्हणजे विषयात रस निर्माण झाला आहे.

८ फेब्रुवारी

नायलॉनही सैल पडतं. माझा कुणावर विश्वास उरलेला नाही.

बांधलेल्या गाठी मी ओळखतो. काल मी दुहेरी गाठ मारली होती, आज एकेरी आहे. कर्नलांचा संशय आला. त्यांच्या गॅलरीतून आमच्या कुंडीपर्यंत हात पोचतो का ते वाकून पाहिलं. कर्नल तिथेच उभे होते. काय शोधताय विचारलं. मी म्हटलं, हवा. म्हणाले, सापडली की सांगा.

दुकानदाराकडे पुन्हा गेलो. आता लोखंडी बाइंडिंग वायर आणली. पकडीने पीळ देऊन आवळायची. बघू कशी सैल पडते.

झाडं मात्र पाहण्यासारखी. आडव्या खोडातून किती फांद्या वर आल्यात! सगळ्या एका उंचीच्या. ऑफिसात फोटो दाखवले. दोघांनी पाहिले, तिसरा म्हणाला कालच दाखवलेत.

१४ फेब्रुवारी

तिसरा टप्पा फारच यशस्वी. आमच्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूमच्या साहेबांना चहाला बोलावलं. त्यांच्याकडे एक जागा रिकामी आहे. जुने नकाशे नीट लावून ठेवायचे. म्हणजे नकाशाचंच काम की! ऊन नाही, दगड नाही, घरापासून चालत दहा मिनिटं.

कन्या फार आदराने वागली. विचारलं, या कामात बाहेर जावं लागतं का? साहेब म्हणाले, लागतं ना, डबा खायला. तिने मान डोलावली. साहेब खूश. मी खूश. ही स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत होती.

साहेब गेल्यावर कन्या माझ्याजवळ बसली आणि म्हणाली की तिने डोंगरातल्या नोकरीला होकार कळवलाय, मागच्याच महिन्यात. मी म्हटलं, होकार मागे घेता येतो. तिने साहेबांचा कप उचलून आत नेला. झाडाचंही असंच असतं. वाकवल्यावर दुसऱ्या दिवशी शेंडा पुन्हा वर वळतो. घाबरायचं नाही, पुन्हा बांधायचं.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

आणखी एक तक्रार. कन्या रोज दिवेलागणीला फोन कानाला लावून गॅलरीत जाते आणि बराच वेळ तिथेच असते. कुणाशी इतकं बोलते? आवाजही येत नाही. मी दोनदा सहज डोकावलो तर ती पाठमोरी कुंड्यांशी वाकलेली. आजकालच्या मुलांना फोनवर सरळ उभंही राहता येत नाही.

हिला विचारलं, फोन कुणाचा असतो. ही म्हणाली, असेल कुणाचा तरी, तुम्ही पेपर वाचा.

घरात काहीतरी शिजतंय. मला बसवत नाही.

२० फेब्रुवारी

तारही सैल पडते. लोखंड! सकाळी पाहतो तर प्रत्येक ठिकाणी एकेक पीळ उलगडलेला. हवामानामुळे धातू प्रसरण पावतो हे शाळेत शिकलो होतो, पण इतका? दुकानदाराला हे सांगितलं. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाने छताकडे.

रोज सकाळी पुन्हा आवळतो. या मेहनतीमुळेच झाडं टिकून आहेत.

२६ फेब्रुवारी

फुलं! पिवळी, घोसाघोसाने. एक नंबरवर तर पानांपेक्षा फुलं जास्त. कर्नलांनी कठड्यावरून पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. म्हणजे जळले. त्यांच्या झाडाला काठी आहे, माझ्या झाडाला तत्त्व आहे.

ठरवलं: रिटायर झाल्यावर या पद्धतीवर छोटं पुस्तक लिहायचं. पहिलं प्रकरण झाडं, दुसरं प्रकरण कुटुंब. आज प्रस्तावना सुरू केली. 'माणूस आणि टोमॅटो यांत फारसा फरक नाही' इतकं लिहून झालं. मग फेऱ्या मारल्या.

७ मार्च

टोमॅटो धरले. हिरवे, लिंबाएवढे. मोजायला गेलो की दरवेळी वेगळा आकडा येतो, म्हणजे खूप आहेत.

कन्येने बूट आणले. जाड तळव्याचे, घोट्याच्या वरपर्यंत. दुकानात परत देता येतात का, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, नाही, मी घालून चार दिवस चालले, आता सैल झाले, छान बसतात. मग अचानक हसून म्हणाली, बाबा, सुरुवातीला फार चावत होते. मीही हसलो. का हसलो माहीत नाही.

सोळा तारखेला नऊ दिवस आहेत. पद्धत शेवटच्या टप्प्यातच परिणाम दाखवते.

१२ मार्च

बॅग भरली जातेय. मी आवाज चढवला नाही. फक्त म्हटलं की तिथे आजारी पडलीस तर कोण बघणार, इथे तुझ्या आईची कंबर दुखते, माझा रक्तदाब, आणि टोमॅटो पिकताना तू नसशील. यातलं टोमॅटोचंच तिने मनावर घेतलं. गॅलरीकडे पाहत राहिली.

वाटलं, वाकली.

मग तिने बॅगेची चेन लावली.

१५ मार्च, सकाळी साडेआठ

तिची बस नऊची. ही तिला सोडायला स्टँडवर गेलीय. मला जाता आलं नाही. आज झाडं बांधायची होती. फळांच्या वजनाने फांद्या खाली येताहेत, एक दिवसही थांबून चाललं नसतं.

निघताना ती गॅलरीत आली. मी पकड हातात घेऊन तार आवळत होतो. ती म्हणाली, बाबा, या तारा जरा... मी मध्येच म्हटलं की तारांचं मला सांगू नकोस, दोन महिने मीच करतोय सगळं.  मग तिने खाली वाकून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वळलो नाही, कारण पकड सुटली असती.

पकड सुटली तरी चाललं असतं, असं आता वाटतंय. पण आता साडेआठ वाजून गेलेत.

नऊ वाजता

बस सुटली असेल. घर फार नीटनेटकं दिसतंय.

१८ मार्च

एक आनंदाची गोष्ट. तार सैल पडणं थांबलं! तीन दिवस झाले, आवळलेली तशीच घट्ट. एक पीळही उलगडलेला नाही. अखेर दर्जेदार माल मिळाला. दुकानदाराचं कौतुक करायला मुद्दाम गेलो. म्हटलं, नवी तार उत्तम. तो म्हणाला, साहेब, तीच आहे, फेब्रुवारीतल्याच रिळातली. याला व्यवसायातलं काही कळत नाही.

कन्येचा फोन आला. हिच्याशी बोलली. मला विचारलं म्हणे, टोमॅटो कसे आहेत. मी आतून मोठ्याने सांगितलं, उत्तम. फोनवर बोलायचं राहिलं, कारण मी फेऱ्या मारत होतो.

२५ मार्च

एक नंबरचे शेंडे दुपारी माना टाकतात. ऊन असेल. पाणी वाढवलं.

२८ मार्च

आता सकाळीही माना टाकलेल्याच. दोन नंबरचीही तीच तऱ्हा. खत घातलं. मग जास्त झालं असेल म्हणून पुन्हा पाणी. मग पाणी जास्त झालं म्हणून माती उकरली. टोमॅटो हिरवेच सुरकुतताहेत. कर्नल कठड्याशी आले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, वाईट वाटतं हो. ते मनापासून म्हणाले असतील तर मला ते जास्तच झोंबलं.

जेवलो नाही. ही ताट घेऊन मागे मागे आली. मी उभ्यानेच दोन घास खाल्ले.

१ एप्रिल

आज हिने सांगितलं.

मी गॅलरीत झाडांवर ओरडत होतो. मी काय कमी केलं तुमच्यासाठी, वगैरे. ही बाहेर आली, एक नंबरचं खोड हाताने वळवून माझ्यासमोर धरलं. तार खोडात रुतली होती. दोन्ही बाजूंनी साल फुगून तारेवर आलेली, मधे काळा खोल व्रण. पाणी वर जाणार कुठून.

ही म्हणाली, खोड जाड होत जातं, तार नाही. झाड वाढलं की रोज जरा सोडावी लागते. ती सोडायची.

मी विचारलं, कोण ती?

तर कन्या. रोज दिवेलागणीला. फोन कानाला लावून यायची आणि दुसऱ्या हाताने सगळ्या गाठी, सगळे पीळ जरा जरा सैल करायची. सुतळी होती तेव्हापासून. फोनवर म्हणे बहुतेक वेळा कुणीच नसायचं. उघड सोडताना मी पाहिलं असतं तर तत्त्वावर भाषण झालं असतं, रक्तदाब वाढला असता, म्हणून फोन. जाताना तेच सांगत होती तुम्हाला, असं ही म्हणाली. मग म्हणाली, तुम्ही रोज आवळलंत आणि तिने रोज सोडलं, म्हणून तेवढे तरी दिवस झाड जगलं.

मी विचारलं, झाडाबद्दल बोलतेस ना? ही आत निघून गेली.

मी खुर्चीत बसलो. बराच वेळ बसलो. उठावंसंच वाटलं नाही. डॉक्टरांना हे कळवायला हवं.

२ एप्रिल

सगळ्या तारा कापल्या. एक नंबर गेला. चार नंबर गेला. दोन नंबरची एक फांदी जिवंत आहे, ती तार रुतली त्याच्या खाली, बुंध्यापाशी फुटली होती म्हणून वाचली. तिच्यावर दोन टोमॅटो. तीन नंबर, तो चिकटपट्टीवाला, कोपऱ्यात आपल्या मनाने वाढून बसलाय. वेडावाकडा. त्याच्याकडे इतके दिवस कुणी पाहिलंच नव्हतं.

पुस्तकाची प्रस्तावना सध्या थांबवली.

५ एप्रिल, संध्याकाळ

आज मी फोन केला. मीच केला. मनात तीन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, रेकॉर्ड रूममधली जागा अजून रिकामी आहे. दोन, तिथे जेवायला नीट मिळतं का. तीन, तारांचं.

ती उंचावर कुठेतरी उभी होती. वारा इतका की आवाज तुटत होता. म्हणाली, खालून रस्ता कुठून जाणार ते तिच्या दुर्बिणीतून दिसतंय, अजून तिथे नुसतं गवत आहे, पण तिला दिसतंय. इतक्या आनंदाने बोलताना मी तिला घरात कधी ऐकलं नव्हतं. किंवा ती बोलत असेल तेव्हा मी फेऱ्या मारत असेन.

रेकॉर्ड रूमची जागा तोंडापर्यंत आली होती. गिळली.

म्हटलं, एक फांदी राहिलीय. फळांच्या भाराने लवतेय, बांधायला तर हवी. किती सैल ठेवायची?

वाऱ्यातून ती म्हणाली, "बोट जाईल एवढी जागा ठेवायची, बाबा. बास."

मग लगेच म्हणाली, माणसं बोलावताहेत, ठेवते. मी म्हटलं, रोज सकाळ-संध्याकाळ फोन करत जा.  मग मीच म्हटलं, नको, रविवारी कर. ती म्हणाली, करते. ते 'करते' वाऱ्यातही नीट ऐकू आलं.

गॅलरीत गेलो. हिच्या जुन्या साडीच्या काठाची मऊ पट्टी घेतली, फांदीभोवती घातली, काठीला बांधली. कर्नलांनी दिली काठी. 

बोट म्हणजे कोणतं, ते मात्र विचारायचं राहिलं. मी करंगळीने मोजलं. चांगली पक्की गाठ मारली, आत येऊन बसलो.

मग उठलो, परत गेलो, गाठ सोडली आणि अंगठ्याने मोजलं.